गुळ्याचा घसा: जानेवारी ते ऑक्टोबर

आमचा घोडा गुळ्या वाजतोय हे मला कळलंच नव्हतं, कळलं ते त्याची देखभाल करणाऱ्या आमच्या सईसमामांना. १२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळचे सात. मी कॅन्टर (मध्यम दौड) करून आले, लगाम सैल सोडला आणि मामा म्हणाले, "ताई, घोडा वाजतोय." मी म्हटलं नाल ढिला झाला असेल. "नाल न्हाय, घसा. आत वडताना वाजतोय, सोडताना न्हाय."

हे "आत ओढताना, सोडताना नाही" किती कामाचं वाक्य होतं ते कळायला मला पुढे अडीच महिने आणि पस्तीस हजार रुपये लागले. म्हणून लिहून ठेवतेय. मी तेव्हा रात्र रात्र शोधत होते आणि हाताला लागत होते ते सगळे इंग्रजी पेपर्स, जे वाचून अर्धं कळतं आणि पूर्ण घाबरायला होतं.

आधी ओळख. गुळ्या आमच्या तिघांचा, मी, माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिचा दीर. मी सरकारी बँकेत आहे, एकटीने घोडा पाळायची माझी ऐपत नाही, खर्च तीन ठिकाणी वाटला जातो म्हणून जमतं. रेसमधून निघालेला थरोब्रेड, सहा वर्षांचा, खच्ची केलेला, उंची १६.२ हँड (म्हणजे खांद्यापाशी साडेपाच फूट), रंग कोल्हापुरी गुळाचा. कागदोपत्री त्याचं भलंमोठं इंग्रजी नाव आहे, त्या नावाने हाक मारली तर कानसुद्धा हलवत नाही. उंची मुद्दाम लिहिली, तिचा संबंध पुढे येतो. रायडिंग क्लबचं आणि डॉक्टरांचं नाव लिहिणार नाही, विचारू नका.

पहिले तीन आठवडे आम्ही खोकला समजून घालवले. जानेवारीतली मुंबईची हवा, माणसंच खोकतायत तर घोडा का नाही, असा आमचा हिशोब. गवत भिजवून द्यायला लागलो, चंदीत (दाण्यात) हळद, कुणीतरी सांगितलं म्हणून ज्येष्ठमध. फरक शून्य. आता मागे वळून बघितलं तर खोकला त्याला नव्हताच, नाक कोरडं, ताप नाही, चंदी चाटूनपुसून साफ. फक्त कॅन्टरच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीला आवाज सुरू व्हायचा, कुकरची शिट्टी उडायच्या आधी जी फुसफुस असते ना, तसा, आणि थांबलं की मिनिटभरात गायब.

तुमच्या घोड्याचं असं काही होत असेल तर पहिलं काम म्हणजे फोनवर आवाज रेकॉर्ड करा. कॅन्टर आणि गॅलपमध्ये (भरधाव दौडीत) घोड्याचा श्वास पावलाला बांधलेला असतो, एक ढांग एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर आदळतात तेव्हा हवा बाहेर पडते आणि पुढे झेपावताना आत येते. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये टापेबरोबर फुर्र ऐकू येत असेल तर तो बहुतेक नाकपुडीचा फडफडाट, बरेच घोडे करतात, त्याने काही बिघडत नाही. दोन टापांच्या मधल्या जागेत शिट्टी येत असेल तर मात्र डॉक्टरला बोलवा. मामांना हे कुणी शिकवलेलं नाही, तीस वर्षं घोड्यांच्या बाजूने चालून त्यांना ते येतं.

२ फेब्रुवारी, रविवार, पहिली स्कोप, म्हणजे नाकातून नळी घालून घशाची तपासणी. डॉक्टर आले, आल्या आल्या झोपेचं इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांत गुळ्या मान खाली टाकून, खालचा ओठ लोंबवत उभा. नाकपुडीतून एंडोस्कोप आत, डॉक्टर एकटेच भिंगाला डोळा लावून बघतायत, आम्ही तिघं त्यांच्या चेहऱ्याकडे. दोन मिनिटांत नळी बाहेर. "डावी बाजू डेड आहे. ग्रेड फोर. ऑपरेशन करा नाहीतर देऊन टाका कुणाला तरी." ९,००० रुपये आणि लेटरपॅडवर तीन ओळी. मी व्हिडिओ मिळेल का विचारलं तर म्हणाले, त्यात तुम्ही काय बघणार.

देऊन टाका म्हणजे कुणाला? हायकोर्टाने २०१५ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, पण वराती आहेतच की, बँडच्या पुढे, फटाक्यांच्या मधोमध. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वाजेपर्यंत मेसेज चालले होते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "घरातल्या माणसांच्या घशावर आजवर एवढा खर्च केला नाही." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, मावशीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर आवाजाच्या नसेबद्दल घाबरवत होते, गुळ्याची बिघडलीय ती हीच का? तीच. माणसात आणि घोड्यात नस एकच, फक्त घोड्याची मान लांब.

१३ फेब्रुवारीला हाफ डे टाकून परळला गेले, बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजला. लालबागला राहून त्या गेटवरून मी आयुष्यभर बसने गेलेय, १८८६ चं कॉलेज, आत पाय ठेवला तो पहिल्यांदाच. मैत्रिणीच्या ओळखीने एक पीजी करणारी मुलगी भेटली. मला ताई ताई करत तिने एका बरणीतून घोड्याचं स्वरयंत्र काढून ट्रेमध्ये ठेवलं. फॉर्मलिनच्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते दहा मिनिटं मी विसरणार नाही.

नारळाच्या करवंटीएवढं असतं ते. तोंडाशी खाली एक त्रिकोणी पान, एपिग्लॉटिस. त्याच्या वरच्या अंगाला दोन कूर्चा, उजवी आणि डावी, ॲरिटेनॉइड म्हणतात, दाराच्या दोन झडपांसारख्या, मध्ये श्वासनलिकेचं भोक. घोडा गिळतो तेव्हा झडपा मिटतात, श्वास घेतो तेव्हा बाहेरच्या बाजूला उघडतात. उघडायचं काम मागच्या बाजूचा एक छोटा स्नायू करतो, प्रत्येक झडपेला एकच. तिने ट्रे फिरवून पाठ दाखवली. उजवीकडे तो स्नायू भरलेला, अंगठ्याच्या गादीसारखा. डावीकडे नुसता एक पापुद्रा, खालची कूर्चा दिसावी इतका बारीक झालेला. "हा घोडा पण वाजत असणार," ती म्हणाली. कुणाचा कधीचा घोडा, बरणीवरचं लेबल पुसलेलं होतं.

डावीकडेच का, तर नसेमुळे. या स्नायूला जाणारी नस मेंदूतून निघते, घशाच्या शेजारून जाते पण तिथे उतरत नाही, थेट छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला वळसा घालते आणि परत मानेने वर येऊन मग स्वरयंत्रात शिरते. मला दादरला उतरायचं होतं आणि मी चुकून ठाण्याला जाऊन परत आले, असला प्रकार. उजवी नस पण अशीच वळते पण तिचा वळसा अलीकडे आहे, ती कुर्ल्याहून परतते म्हणा. मोठ्या घोड्यात डावी नस अडीच मीटरच्या आसपास भरते, आणि जेवढी लांब तेवढी शेवटच्या टोकाला पोसायला अवघड, त्यामुळे सुकायला सुरुवात टोकाकडून होते. म्हणून उंच, लांब मानेच्या घोड्यांत हे जास्त, पोनींमध्ये फारसं नाही. याला औषध नाही. नाहीच. तबेल्यात तुम्हाला जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, काढे, मालिश सगळं सुचवतील, पैसे वाचवा.

आणि घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, हे मला माहीतच नव्हतं. त्याचा मऊ टाळू एपिग्लॉटिसच्या खाली काजात बटण बसावं तसा घट्ट बसलेला असतो, श्वास फक्त नाकाने. आपण धावताना धापा टाकतो तशी सोय त्याच्याकडे नाही, जे काही यायचं ते त्या दोन झडपांच्या मधूनच. उभा असताना तो मिनिटाला दहा-बारा श्वास घेतो, एका श्वासाला पाचेक लिटर, तेवढ्याला झडपा अर्ध्या उघड्या असल्या तरी भागतं. भरधाव पळताना तेच श्वास मिनिटाला १२० च्या वर जातात आणि हवा दीड हजार लिटर. आमच्या चाळीच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी आहे, तशी दीड टाकी, एका मिनिटात, एका घशातून. तेव्हा झडपा पूर्ण उघडून ताणून धराव्या लागतात, नाहीतर आतल्या ओढीने सैल झडप आत खेचली जाते. कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढली की स्ट्रॉ चपटी होते ना, तसं. शिट्टी येते ती त्या अरुंद झालेल्या जागेतून, आणि म्हणून आत ओढतानाच.

निघताना त्या मुलीने विचारलं, "स्कोप झोपेच्या इंजेक्शनवर केली होती का?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली दुसऱ्यांदा करा, जागा असताना, आणि व्हिडिओ मागून घ्या.

२३ फेब्रुवारी, दुसरे डॉक्टर, दुसरी स्कोप, ६,५००. यांच्याकडे स्क्रीन होती. इंजेक्शन नाही, फक्त ट्विच, म्हणजे काठीला दोरीचा फास, तो वरच्या ओठाला घालून पिळा द्यायचा. बघायला वाईट वाटतं पण काम दोन-तीन मिनिटांचं असतं आणि घोडा उभा राहतो. नळी आत जाताना गुळ्याने एकदा जोरात फुरफुरून डॉक्टरांचा शर्ट भिजवला, त्यांनी बाहीनेच पुसला.

आधी त्यांनी माझा हात धरून घोड्याच्या घशावर ठेवला, जबड्याच्या मागे, स्वरयंत्राच्या वरच्या अंगाला. उजवीकडे बोटांना मऊ लागलं. डावीकडे सुपारीच्या खांडाएवढं एक टोक टोचलं. स्नायू झिजला की हे टोक हाताला लागतं. आता मी दुसऱ्यांच्या घोड्यांचे गळे पण चाचपते, लोक बघतात माझ्याकडे.

मग स्क्रीन. गुलाबी, ओलं, चमकणारं काहीतरी, आणि मध्ये काळं भोक. मला वाटलं उजवी झडप बिघडलीय, कारण स्क्रीनवर उजवीकडची मागे राहत होती. डॉक्टर हसले, आपण समोरून घशात बघतोय ना, म्हणजे त्याची डावी आपल्या उजवीकडे. श्वास आत गेला की एक झडप सहज बाजूला सरकत होती आणि दुसरी मागून थरथरत, अर्ध्या वाटेपर्यंत. मेलेली नव्हती, हलत होती! मला रडूच यायचं बाकी होतं.

मग त्यांनी नळीतून थोडं पाणी सोडलं, म्हणजे गुळ्या गिळणार. सगळं गच्च मिटलं आणि पुढच्या क्षणी दोन्ही झडपा सताड उघडल्या, डावीसुद्धा. एक सेकंद. मग डावी हळूहळू घसरत खाली आली, उजवी जागेवरच. दोन-तीनदा केलं, दर वेळी तसंच. अर्धा मिनिट नाकपुड्या दाबून धरल्या आणि सोडल्या, त्या जोरकस श्वासालाही तसंच. नंतर उजव्या बाजूला खांद्यामागे थाप मारली, तेव्हा डावी झडप किंचित आत फडफडली, म्हणजे निरोप पोचतोय, पण क्षीण.

ग्रेडची भानगड अशी. उभ्या घोड्याची हॅवेमेयर नावाची चार पायऱ्यांची पट्टी आहे. एकमध्ये दोन्ही बाजू एकसारख्या. दोनमध्ये थोडी मागेपुढे पण पूर्ण उघडून तशाच राहतात. तीनमध्ये एक बाजू पूर्ण उघडत नाही, किंवा उघडली तरी टिकत नाही. चारमध्ये एक बाजू अजिबात हलत नाही. आमचा निघाला तीन, त्यातही पहिला उपप्रकार, क्षणभर उघडते पण टिकत नाही. मग पहिल्यांदा चार कसे? डॉक्टर म्हणाले, झोपेच्या इंजेक्शनने दोन्ही बाजू सुस्तावतात, आधीच कमजोर असलेली जास्त, त्यावरून ग्रेड देऊ नये. पहिल्या डॉक्टरांबद्दल ते याहून एक शब्द बोलले नाहीत, मी मात्र बरंच बोलले, गाडीत, एकटी.

इथे एक लिहिते, इंजेक्शन दिलेलं असेल तर घोडा पुरता जागा होईपर्यंत गवत-चंदी समोर ठेवू नका, घशात अडकू शकतं. आम्हाला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, मामांनी आपणहून गव्हाण रिकामी केली होती.

आता खरी कटकट. तीन नंबरचा घोडा पळताना काय करेल हे उभं राहून सांगता येत नाही. काहींची झडप पळतानाही तग धरते, काहींची कोसळते. त्यासाठी पळत्या घोड्याची स्कोप करतात, नळी नाकात घालून लगामाला बांधायची, बॅटरी-बिटरी खोगिराखालच्या कापडात, आणि चित्र वायरलेसने हातातल्या स्क्रीनवर. ते मशीन दुसऱ्या काही घोड्यांसाठी मार्चअखेर येणार होतं, त्यात आम्हाला जागा मिळाली, आमच्या वाट्याला १८,०००. क्लबचं रिंगण गॅलपला पुरत नाही म्हणून मोठ्या ट्रॅकवर सकाळचा वीस मिनिटांचा स्लॉट घ्यायचा होता, त्यासाठी अर्ज, लसीकरणाच्या पुस्तिकेची झेरॉक्स, आणि इन्डेम्निटी बाँड, म्हणजे काही नुकसान झालं तर जबाबदारी आमची असं लिहून देणं. स्टॅम्प पेपर आता पाचशेचाच लागतो, मी जुन्या सवयीने शंभर रुपये काढून उभी. नोटरी ३००. अर्ज एकदा परत आला, चूक आमचीच, मालक तीन आणि सह्या दोन, मैत्रिणीचा दीर तेव्हा नाशिकला. त्यात होळी-धुळवडीची सुट्टी. ज्यांचे घोडे भागीदारीत आहेत त्यांनी एक करा, एकाच्या नावे अधिकारपत्र आधीच सही करून ठेवा, आमचे दहा दिवस त्यात गेले.

२९ मार्च, शनिवार, पावणेसहाला ट्रॅकवर. गॅलप मारायला एक वर्क रायडर घेतला, १,००० रुपये, कारण माझ्याच्याने ते होणार नव्हतं आणि ते कबूल करायला मला लाज नाही. नळी बसवल्यावर गुळ्या पाच मिनिटं डोकं झटकत होता, मग विसरला.

ट्रॉटला (दुडक्या चालीला) दोन्ही झडपा ठीक. कॅन्टरला डावी थोडी कमी उघडलेली, पण स्थिर, जागची हलत नव्हती. स्क्रीनवर एक एक श्वास दिसत होता, काळं भोक मोठं, लहान, मोठं, लहान, आणि लांबून टापांचा आवाज त्याच तालात. मग रायडरने सोडला. पहिले काही सेकंद काही नाही. नंतर डावी झडप कापायला लागली, मग प्रत्येक श्वासाला आत झुकायला लागली, तिच्या खालची स्वररज्जूची पट्टी शिडासारखी फुगून भोकात आली आणि काळी जागा निम्म्याच्या खाली गेली. तेवढ्यात लांबून ती शिट्टी ऐकू आली. अडीच महिने जो आवाज ऐकत होते तो मी पहिल्यांदा बघत होते. मामा माझ्या शेजारी उभे, स्क्रीनकडे बघतच नव्हते, ट्रॅककडे कान.

ऑपरेशनचं सगळं विचारून घेतलं. एक म्हणजे टाय-बॅक, मेलेल्या स्नायूच्या जागी जाड धागा घालून झडप कायमची उघडी बांधून ठेवायची, १९७० पासून करतात. रेसच्या घोड्याला बऱ्याचदा त्याशिवाय इलाज नसतो. पण दार कायमचं उघडं म्हणजे गिळतानाही उघडं, चंदी-पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, काही घोडे जन्मभर खाताना खोकतात, आणि धागा काही महिन्यांत ढिलाही पडू शकतो. दुसरं, नुसती स्वररज्जू आणि शेजारची पिशवी काढायची, त्याने आवाज कमी होतो, हवेत त्या मानाने कमी फरक. डॉक्टरांनी मला उलटा प्रश्न केला, "तुम्हाला याच्याकडून गॅलप हवाय का?"

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. तिघं माझ्या घरी जेवायला, श्रीखंड तसंच बाजूला आणि फोनवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा. मला आणि मैत्रिणीला गॅलप नको होता. दिराला जम्पिंगच्या स्पर्धा करायच्या होत्या, त्यासाठीच तो भागीदारीत आला होता, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं. भांडण नाही झालं, पण त्या दिवशी वातावरण सणाचं राहिलं नाही. एप्रिलअखेर तो बाहेर पडला. ऑपरेशन नाही, गॅलप बंद, उड्या बंद, कॅन्टर शिट्टी येईपर्यंत, आली की चाल. एवढंच ठरलं. आता खर्च दोघींत, मी नवीन फोन घ्यायचा पुढे ढकलला.

२६ मेलाच पाऊस आला, इतका लवकर की तबेल्याचे पत्रे बदलायचे राहिले होते. पावसाळाभर तसाही व्यायाम कमीच. हा आजार वाढू शकतो म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा बघा असं सांगितलं होतं, त्याप्रमाणे ५ ऑक्टोबरला परत स्कोप, परत ट्विच, परत ६,५००. एकूण आकडा ४१,८००. यावेळी मी फेब्रुवारीची फाइल फोनवर उघडून शेजारी धरली होती, गिळल्यानंतर डावी किती वेळ टिकते ते मोजून बघितलं. तेवढाच, जेमतेम एक सेकंद. ग्रेड तीनच.

पुढची एप्रिलमध्ये. त्या दिवशी ट्विच काढल्यावर गुळ्या नाक वर करून वरचा ओठ दुमडत बराच वेळ उभा होता, मामांनी खिशातून गुळाचा खडा काढला. तो खाताना मी घशाला हात लावून उभी राहिले, गिळलं की आत सगळं मिटून उघडतं ते बोटांना कळतं.